नादारांची यादी मोडणारा वकील : थॅडियस स्टीव्हन्स

जन्म : ४ एप्रिल १७९२, डॅनव्हिल, व्हरमाँट (अमेरिका)
मृत्यू : ११ ऑगस्ट १८६८, वॉशिंग्टन
ओळख : शिक्षक, वकील, लोकप्रतिनिधी, गुलामगिरीविरोधी नेते



अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की आपण मुलांना अब्राहम लिंकन यांची गोष्ट सांगतो. ती सांगायलाच हवी. पण त्याच काळात, तिथल्या संसदेत आणखी एक माणूस होता. तो लंगडत चालायचा, डोक्यावर टोप घालायचा आणि त्याच्या जिभेला विरोधक घाबरायचे. आपल्यासारख्या शिक्षकांनी त्याची ओळख करून घ्यायला एक खास कारण आहे. गरिबाच्या मुलाने आपण गरीब आहोत असं जाहीर केल्याशिवाय शाळेत बसता यावं, म्हणून हा माणूस स्वतःच्या मतदारांच्या विरोधात उभा राहिला होता.

आईची जिद्द

थॅडियसचा जन्म व्हरमाँट या थंड, डोंगराळ राज्यातल्या डॅनव्हिल गावी एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. चार भावांमध्ये तो दुसरा. त्याचा एक पाय जन्मतःच वाकडा होता. थोरल्या भावाचे तर दोन्ही पाय तसेच होते. त्या काळी अशा व्यंगाकडे लोक देवाचा कोप म्हणून बघत. शाळेतली मुलं चिडवत, त्याच्या चालण्याची नक्कल करत.

वडील जोशुआ शेती आणि चांभारकाम करत. मुलं लहान असतानाच ते घर सोडून गेले. सगळा भार आई सारा यांच्यावर आला. या मुलाच्या हातून शेतीची अंगमेहनत होणार नाही, तेव्हा याला शिकवलंच पाहिजे, हे त्या माउलीने ओळखलं. जवळच पीचम नावाच्या गावात चांगली शाळा होती. तिच्यासाठी त्यांनी मुलांना घेऊन थेट गावच बदललं. लोकांकडे राबून, शेती सांभाळून त्यांनी मुलाला शिकवलं.

थॅडियस हुशार होता, पण गरीब गाय मुळीच नव्हता. शाळेचा नियम मोडून मित्रांबरोबर रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात नाटक केल्याबद्दल त्याला लेखी माफी द्यावी लागली होती! पुढे डार्टमथ कॉलेजातून १८१४ मध्ये तो पदवीधर झाला. आयुष्यभर त्यांनी एकच सांगितलं, की मी जो काही झालो तो आईमुळे. हातात पैसा आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर आईला शेत आणि गाई घेऊन दिल्या.

शिक्षक ते वकील

पदवीनंतर स्टीव्हन्स पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या यॉर्क गावी आले आणि तिथल्या शाळेत शिक्षक झाले. दिवसा शाळा आणि रात्री कायद्याची पुस्तकं असा दिनक्रम होता. पण तिथल्या वकिलांनी नियम केला, की दुसरा व्यवसाय करत करत कायदा शिकणाऱ्याला सनद द्यायची नाही. स्टीव्हन्स वाद घालत बसले नाहीत. शेजारच्या मेरीलँड राज्यातल्या बेल एअर गावी जाऊन त्यांनी १८१६ मध्ये परीक्षा दिली, सनद मिळवली आणि गेटिसबर्ग या छोट्या गावात वकिलीची पाटी लावली.

सुरुवातीला कामच मिळेना. मग १८१७ मध्ये त्यांनी एका खुनाच्या आरोपीचं वकीलपत्र घेतलं. आरोपी वेडाच्या भरात होता, असा बचाव त्यांनी मांडला. आरोपी फाशी गेला, पण वकिलाचा युक्तिवाद गावभर गाजला आणि पक्षकार येऊ लागले. काही वर्षांत ते गावातल्या मोठ्या वकिलांमध्ये गणले जाऊ लागले. डोंगरालगत त्यांनी लोखंडाचा कारखानाही काढला आणि त्याला आईच्या मुलखातल्या परगण्याचं नाव दिलं, कॅलेडोनिया. या धंद्याने पुढे त्यांना मोठ्या कर्जात लोटलं. ते कर्ज वकिलीच्या कमाईतून फेडताना त्यांची बरीच वर्षं गेली.

एक डाग

चरित्र सांगताना आपल्याला एक खोड असते. थोर माणसाच्या आयुष्यातलं न शोभणारं पान आपण गुपचूप उलटून टाकतो. स्टीव्हन्स यांच्या बाबतीत तसं करू नये.

पेनसिल्व्हेनियात असा कायदा होता, की बाहेरून आणलेल्या गुलामाला मालकाने सलग सहा महिने तिथे ठेवलं, तर तो गुलाम मुक्त होतो. चॅरिटी बटलर नावाच्या एका स्त्रीने या कायद्याच्या आधारे स्वतःचं आणि आपल्या लेकरांचं स्वातंत्र्य मागितलं. ती मेरीलँडमधली. कामासाठी तिला वेळोवेळी पेनसिल्व्हेनियात आणलं जाई. या खटल्यात स्टीव्हन्स वकील होते, पण तिच्या बाजूने नव्हे, मालकाच्या बाजूने. मधे मधे केलेल्या मुक्कामांची बेरीज करून सहा महिने धरता येत नाहीत, असा मुद्दा होता. १८२१ मध्ये निकाल मालकाच्या बाजूने लागला. चॅरिटी आणि तिची मुलं पुन्हा गुलामगिरीत गेली.

कायद्याच्या दृष्टीने वकील जिंकला होता. या निकालानंतर त्यांच्या मनात काय चाललं, ते त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण पुढच्या काळात ते पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने उभे राहताना दिसतात, आणि नंतर आयुष्याच्या शेवटापर्यंत त्यांनी ती बाजू सोडली नाही. वर्गात सांगताना हा प्रसंग गाळू नका. माणूस चुकतो आणि बदलूही शकतो, हे मुलांना अशाच गोष्टींतून कळतं.

नादारांची यादी

आता आपल्या जिव्हाळ्याच्या भागाकडे येऊ.

त्या काळी पेनसिल्व्हेनियात गरिबांच्या मुलांसाठी फुकट शिक्षणाची सोय होती. मग अडचण कुठे होती? अडचण होती ती मिळवण्याच्या पद्धतीत. आईबापांनी आपण नादार आहोत, फी भरू शकत नाही, असं कबूल करायचं. मग मुलांची नावं नादारांच्या यादीत चढत आणि त्यांची फी सरकारी पैशातून भरली जाई. अशी मुलं इतरांबरोबर बसली, तरी कोण फुकट शिकतंय हे सगळ्यांना ठाऊक असे. त्यामुळे झालं काय, की स्वाभिमानी गरीब माणूस मुलाला शाळेत घालण्यापेक्षा घरी ठेवणं पसंत करायचा.

१८३४ मध्ये राज्याने नवा कायदा केला. सॅम्युअल ब्रेक या सिनेटरने त्यासाठी पुढाकार घेतला होता आणि गव्हर्नर जॉर्ज वुल्फ त्याच्या पाठीशी होते. राज्यभर शाळांचे विभाग पाडायचे, कर गोळा करायचा आणि सगळ्यांची मुलं त्या पैशातून एकत्र शिकवायची, अशी ती योजना होती. म्हणजे यादीच संपली.

कराचं नाव निघताच लोक खवळले. ज्यांना मुलं नव्हती ते म्हणाले, आम्ही का भरायचं? श्रीमंत म्हणाले, दुसऱ्याच्या पोराचा खर्च आमच्या माथी कशाला? जर्मन भाषिक वस्त्यांमध्ये चर्चच्या स्वतःच्या शाळा होत्या. त्यांना आपली भाषा आणि धर्म दोन्हींची काळजी वाटली. कायदा रद्द करा म्हणून हजारो सह्यांचे अर्ज आले. त्यांच्यापुढे कायदा ठेवा म्हणणाऱ्यांच्या सह्या अगदी थोड्या होत्या. १८३५ मध्ये राज्याच्या सिनेटने कायदा रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. आता प्रतिनिधिगृहही तेच करणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

स्टीव्हन्स तेव्हा या प्रतिनिधिगृहात होते. त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघातही कायद्याला विरोध होता. शिवाय गव्हर्नर वुल्फ हे त्यांचे कट्टर राजकीय विरोधक. गप्प बसले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं. पण ११ एप्रिल १८३५ रोजी ते बोलायला उभे राहिले.

त्यांनी काय सांगितलं ते आपल्या शब्दांत पाहू. मुलं नसलेला माणूस म्हणतो मला शाळेचा काय उपयोग. मग ज्याने कधी गुन्हा केला नाही तो तुरुंगाचा कर का भरतो? ज्याची कधी कज्जेदलाली नाही तो कोर्टाचा खर्च का सोसतो? गुन्हेगाराला शिक्षा करण्यासाठी पैसा देतो, तर मूल गुन्ह्याच्या वाटेला जाऊच नये म्हणून देण्यात कसला अन्याय? मग ते नादारीवर आले. हा कायदा रद्द करणं म्हणजे गरिबांच्या अंगावर डाग देण्याचा कायदा करणं आहे, असं त्यांनी बजावलं. गव्हर्नर आपले विरोधक असले, तरी या बाबतीत त्यांचंच बरोबर आहे, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. आणि शेवटी सोबतच्या सदस्यांना सांगितलं, की लोक आज रागावले असले तरी त्यांना पुढे नेणं हे आपलं काम आहे. निवडणूक हरायची भीती वाटते म्हणून अज्ञानाच्या मागे चालू नका.

सभागृहाचं वारं फिरलं. कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव पडला, उलट कायदा आणखी पक्का करण्यात आला आणि सिनेटनेही आपला पवित्रा बदलला. पुढे संसदेत कितीही मोठी कामं हातून झाली, तरी स्टीव्हन्स यांना या एका दिवसाचा अभिमान सर्वांत जास्त होता.

हा भाग वाचताना मला माझाच वर्ग आठवला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सवलतीच्या मुलांची यादी मी भर वर्गात मोठ्याने वाचायचे. नाव पुकारलं की मूल उठून उभं राहायचं. त्यात काही गैर आहे असं मला वाटलंच नव्हतं. एकदा एक मुलगी नाव घेऊनही उठली नाही, मान खाली घालून बसून राहिली. त्यानंतर मी ती यादी वर्गात कधी वाचली नाही. मुलांना एकेकटं बोलावून सह्या घेऊ लागले. वेळ जास्त जातो, पण जाऊ दे.

हट्टी राजकारणी

स्टीव्हन्स संत नव्हते. त्यांची जीभ तिखट होती, पत्त्यांच्या जुगाराचा नाद होता आणि राजकारणात डावपेच खेळायला ते मागेपुढे पाहत नसत. १८३८ मध्ये निवडणुकीच्या निकालावरून हॅरिसबर्ग या राजधानीत एवढा गोंधळ झाला, की चिडलेल्या जमावापासून सुटण्यासाठी त्यांना सभागृहाच्या खिडकीतून बाहेर उडी मारावी लागली!

पण एका गोष्टीत त्यांनी तडजोड केली नाही. १८३७-३८ मध्ये राज्याची नवी घटना तयार करण्याच्या समितीत ते होते. त्या घटनेत मतदानाचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला, तेव्हा त्यांनी तिच्यावर सही करायला नकार दिला.

तरुणपणीच आजाराने त्यांचे केस गेले होते, म्हणून ते टोप घालत. एका बाईंनी आठवण म्हणून त्यांच्या केसांची बट मागितली, तेव्हा त्यांनी अख्खा टोपच काढून हातात दिला, असा किस्सा सांगतात. मुलांना ही गोष्ट भारी आवडते.

लँकेस्टरचं घर

१८४२ मध्ये ते लँकेस्टर या मोठ्या गावी राहायला गेले. त्यांचं घर आणि कार्यालय एकाच जागी होतं. अलीकडे तिथे उत्खनन झालं तेव्हा अंगणात पाण्याचं एक जुनं टाकं सापडलं. त्यात केलेले बदल पाहता पळून आलेल्या गुलामांना लपवण्यासाठी ते वापरलं जात असावं, असं संशोधकांना वाटतं.

हे घर वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळलं लिडिया हॅमिल्टन स्मिथ यांनी. त्या मिश्र वंशाच्या विधवा होत्या, व्यवहाराला अतिशय चोख. काळ्या बायकांना नुसत्या नावाने हाक मारण्याच्या त्या काळात स्टीव्हन्स त्यांना मिसेस स्मिथ म्हणत आणि पाहुण्यांनीही तसंच म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असे. लोक पाठीमागे कुजबुजत. दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.

१८४९ मध्ये स्टीव्हन्स देशाच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात दाखल झाले. पुढच्याच वर्षी पळून आलेले गुलाम पकडून देणं सक्तीचं करणारा कायदा आला. त्यांनी त्याला कडाडून विरोध केला. १८५१ मध्ये लँकेस्टरजवळच्या क्रिस्तियाना गावी गुलाम पकडायला आलेला एक मालक चकमकीत मारला गेला. मदतीला न गेल्याबद्दल कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या माणसावर चक्क राजद्रोहाचा खटला भरला. बचावाच्या वकिलांमध्ये स्टीव्हन्स होते. ज्युरीने थोड्याच वेळात हॅनवे यांना निर्दोष ठरवलं. चॅरिटी बटलरच्या खटल्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती.

यादवी युद्ध आणि तीन मोठी कामं

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. स्टीव्हन्स तेव्हा सत्तरीच्या घरात होते. युद्धाचा पैसा उभा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. नवे कर, कागदी चलन हे सगळं त्यांच्या समितीतून गेलं. गुलामगिरी संपवल्याशिवाय हे युद्ध संपणार नाही, असा तगादा त्यांनी लिंकन यांच्यामागे सतत लावला. लिंकन सावकाश, लोकांचा कल बघत पाऊल टाकत. स्टीव्हन्स पुढून ओढत. १८६३ च्या जूनमध्ये दक्षिणेच्या सैन्याने त्यांचा कॅलेडोनिया कारखाना मुद्दाम जाळला. कारखान्यापेक्षा तिथल्या कामगारांच्या घरच्यांचं कसं होईल, याची त्यांना जास्त चिंता होती.

३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी कायमची बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. त्यामागे त्यांची अनेक वर्षांची धडपड होती. हे पहिलं काम.

दुसरं काम चौदाव्या घटनादुरुस्तीचं. अमेरिकेत जन्मलेला प्रत्येक जण नागरिक आहे आणि कायद्याचं संरक्षण सर्वांना समान आहे, असं ती सांगते. स्टीव्हन्स यांना यात मतदानाचा हक्कही स्पष्ट हवा होता. तो मिळाला नाही. १८६६ मध्ये त्यांनी निराश मनाने, पण उघडपणे सांगितलं, की मी देवदूतांमध्ये नाही, माणसांमध्ये राहतो, म्हणून जेवढं मिळतंय तेवढं घेतो. ही दुरुस्ती त्यांच्या मृत्यूच्या महिनाभर आधी पक्की झाली. याच दुरुस्तीच्या आधारे १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. म्हणजे १८३५ मध्ये सुरू झालेलं काम फिरून शाळेच्या दारातच आलं.

तिसरं काम मात्र फसलं. दक्षिणेतल्या बंडखोर जमीनदारांची जमीन सरकारने घ्यावी आणि मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यावी, असं ते म्हणत. पायाखाली जमीन नसेल तर नुसत्या स्वातंत्र्याने पोट कसं भरणार? पण खासगी मालमत्तेला हात लावायला त्यांच्या पक्षातलेच लोक तयार नव्हते. पुढे लाखो मुक्त माणसं जुन्याच मालकांची जमीन बटाईने कसत कर्जात पिचून गेली.

लिंकन यांच्या हत्येनंतर आलेले राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्याशी स्टीव्हन्स यांचा उभा दावा होता. १८६८ मध्ये जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला. स्टीव्हन्स इतके थकले होते, की त्यांना खुर्चीतून उचलून सभागृहात न्यावं लागे. जॉन्सन एका मताने वाचले.

शेवटचा मुक्काम

११ ऑगस्ट १८६८ च्या मध्यरात्री स्टीव्हन्स गेले. लिडिया स्मिथ जवळ होत्या. संसदेच्या भव्य घुमटाखाली त्यांचं पार्थिव ठेवण्यात आलं आणि काळ्या सैनिकांनी पहारा दिला. लँकेस्टरमध्ये त्यांच्या पक्षाच्या लोकांनी तर मृत्यूनंतरही उमेदवार म्हणून त्यांचंच नाव पुढे केलं!

गावातल्या मोठ्या दफनभूमींमध्ये काळ्यांना जागा मिळत नसे. म्हणून त्यांनी आधीच एक लहानशी दफनभूमी निवडून ठेवली होती, जिथे रंग विचारला जात नव्हता. थडग्यावरचा मजकूरही स्वतःच लिहिला होता. एकांताची आवड म्हणून नव्हे, तर देवापुढे सगळी माणसं सारखी हे जे आयुष्यभर सांगितलं ते मरणातही दिसावं म्हणून मी इथे आहे, असा त्याचा आशय आहे.

मृत्युपत्रातल्या दोन गोष्टी मला फार हलवून गेल्या. पहिली, पीचमला आईच्या कबरीच्या चारी कोपऱ्यांवर दर वसंतात फुलझाडं लावावीत यासाठी ठेवलेली रक्कम. दुसरी, अनाथ मुलांच्या संस्थेसाठीची तरतूद. तिथे वंश, रंग, धर्म काही बघायचं नाही आणि सर्व मुलांना एकाच पंगतीत जेवायला वाढायचं, अशी अट होती. त्यातून १९०५ मध्ये लँकेस्टरला जी संस्था निघाली, ती आज त्यांच्या नावाचं तंत्रशिक्षण महाविद्यालय म्हणून चालू आहे.

पुढे बरीच वर्षं त्यांना खलनायक ठरवलं गेलं. १९१५ च्या एका गाजलेल्या मूकपटात त्यांच्यावरून बेतलेलं पात्र दुष्ट म्हणून दाखवलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतिहासकारांनी कागदपत्रं पुन्हा वाचली आणि चित्र बदललं.

आपल्याशी त्यांचा एक दुवा आहे. स्टीव्हन्स यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी आपलं गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. त्या अर्पणपत्रिकेत स्टीव्हन्स यांचं नाव नाही, पण ज्यांना ते पुस्तक अर्पण झालं त्या माणसांमधले ते एक होते.

वर्गात चर्चेसाठी

१. मूल नसलेल्या माणसाने शाळेसाठी कर भरावा का? दोन गट करून वाद घ्या.
२. चॅरिटी बटलरच्या खटल्यात वकील जिंकला. न्याय झाला का?
३. लोक विरोधात असताना लोकप्रतिनिधीने काय करावं?
४. आपल्या शाळेत कोणाला मान खाली घालायला लावणारी एखादी पद्धत आहे का?

चौथा प्रश्न मुलांना विचारण्याआधी आपण शिक्षकांनी एकदा स्टाफरूममध्ये घ्यावा, ही विनंती. पालकांनीही आपला अनुभव जरूर कळवावा.